पाच-पाचच्या हिशेबानं

निळ्या ताटलीत मी गोळ्या मोजते
पातळ सुरीनं, पाच-पाच करून.
पंचवीस वर्षं झाली, हात चुकत नाही.
दुकानासमोर धक्का, धक्क्यावर पिवळे पिंजरे,
आणि मेनच्या किनाऱ्याचं ते पाणी,
ऑगस्टातही पोटऱ्या बधिर करणारं.

एल्डन बील पहिल्यांदा आला तेव्हा
पाठीत दोन स्क्रू होते, खिशात चिठ्ठी.
वीस गोळ्या. चार वेळा पाच.
चाळीस वर्षं शेवंडांचे पिंजरे ओढलेली पाठ ती.
"दुखतंय किती, एक ते दहा?" नर्सनं विचारलं,
तर म्हणे यानंच विचारलं उलट,
"भरतीला, की ओहोटीला?"

पुढं साठ. मग नव्वद. मग एकशेवीस.
कंपनीचा एक पोरगा यायचा, डोनट घेऊन,
सांगायचा, खऱ्या दुखण्याला सवय लागत नाही.
त्यानं दिलेल्या पेनावर गोळीचं नाव होतं.
ते पेन मी बरेच दिवस वापरलं.
चांगलं चालायचं.

आणि खोटं कशाला बोलू, गुण आला होता.
एल्डन पुन्हा बोटीवर गेला.
चर्चच्या जेवणावळीत दोन तास उभं राहून
त्यानं घेवडा वाढला, सगळ्या गावाला.

मग तो तारखेच्या आधी येऊ लागला.
चार दिवस आधी. मग नऊ.
"डबी बोटीवरून पडली."
"सिंकमध्ये सांडल्या."
बोलताना माझ्याकडं बघायचा नाही,
काउंटरवरची खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं
सरळ लावत राहायचा.
असले हात मी पुष्कळ पाहिलेत.
मनातल्या मनात त्याच्या नावापुढं खूण केली.
त्याच आठवड्यात गावात दोन दफनं झाली होती,
दोघंही तिशीच्या आतले.
मी नाही म्हणाले.
डॉक्टरांना फोन लावला, त्यांनीही हात झटकले.
धक्का दिसायच्या आतच इंजिन बंद करावं,
तसं सगळं एकदम बंद.

तेरा रात्री तो गाडीतच बसून होता,
नोव्हेंबरात, घामानं निथळत.
पाठ टेकवत नव्हती कशालाच.

चौदाव्या दिवशी व्हेस्टा आली, त्याची बायको.
काउंटरवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला.
आत एल्डनच्या नावाच्या डब्या, रिकाम्या,
नातवाच्या बेसबॉलच्या मोज्यात कोंबलेल्या.
"तो एकही जास्त घेत नव्हता," ती म्हणाली.
"घरात दुसरंच कुणी मोजत होतं.
त्याला ठाऊक होतं.
पोराचं नाव तुझ्या कागदावर नको, म्हणून…"
पुढं बोलली नाही.
डब्याचं झाकण नीट बसेना, तेच दाबत राहिली.

हात चुकत नाही माझा.

पोरगा आहे. वाचला.
रोज सकाळी जिभेखाली एक पट्टी विरघळवतो,
ती मीच देते.
एल्डनला नवी डॉक्टरीण मिळाली, दीड तासावर.
ती गोळ्या उतरवते, पण पायरी-पायरीनं,
घाई केली की स्वतःवरच चिडते.
उरलेल्या कुलुपात. किल्ली व्हेस्टाच्या गळ्यात.
गुरुवारी शाळेच्या तलावात, कोमट पाण्यात,
दांडी धरून तो चालतो.
जन्म बोटीवर गेला, पोहता येत नाही.
बोट विकली. तिच्याविषयी कुणी विचारत नाही.

परवा मी विचारलं, "किती आज, एक ते दहा?"
"सहा," म्हणाला.
"सहाबरोबर संसार होतो.
माझ्या आधी उठतो तो, कॉफी ठेवतो."

पिशवीत मी नाकातला फवारा टाकला,
श्वास थांबला तर मारायचा.
"हा कुणाला?"
"घराला."
तो काही बोलला नाही.
खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं सरळ करू लागला,
सरळच होती ती.